दातांनी डोंगर चढणारी आगगाडी

वाचकहो, तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारून पाहा. "आबा, कोळशाच्या गाडीत तुम्ही कधी बसला होता का हो?" मग बघा, म्हातारा माणूस कसा सावरून बसतो ते. सोलापूर-लातूरकडचे असतील तर बार्शी लाइटची गोष्ट सांगतील. कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूरला कसे गेलो, डबे वारकऱ्यांनी कसे फुलून गेले होते, खिडकीतून डोके बाहेर काढले आणि डोळ्यात कोळशाचा कण गेला तो आईने लुगड्याच्या पदराने कसा काढला, हे सगळे निघेल. वऱ्हाडातले असतील तर मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीचे नाव काढतील. त्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. आपल्या माथेरानच्या छोट्या गाडीची वाफेची इंजिने त्याच्याही आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. विसावे शतक सरता सरता देशातल्या नेहमीच्या गाड्यांमधून वाफेचे इंजिन गेले ते गेलेच.

आपली मुले "झुकझुक गाडी" म्हणत खेळतात खरी, पण झुकझुक म्हणजे काय हे त्यांनी ऐकलेले नसते. डिझेलचे इंजिन घरघरते आणि विजेचे नुसते गुणगुणते. झुकझुक करते ते फक्त वाफेचे.

ते इंजिन अजून कामावर असलेले पाहायचे असेल, तर त्यासाठी एक जागा सांगतो. तामिळनाडूतल्या निलगिरी डोंगरात, मेट्टुपालयमपासून उटीपर्यंत जाणारी डोंगरगाडी. तिथले वाफेचे इंजिन पाहुण्यांच्या हौसेसाठी दारात उभे केलेले नाही. त्या चढावर दुसऱ्या कोणाचे काम नाही, म्हणून ते आजही जुंपलेले आहे.

पायथ्याचे गाव

मेट्टुपालयम हे कोइंबतूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवरचे बाजाराचे गाव. डोंगरावर पिकणारा बटाटा, लसूण, गाजर, कोबी हे सगळे खाली उतरून इथल्या वखारीत येते, त्याचे लिलाव होतात आणि मग तो माल चारी दिशांना जातो. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजार समितीच्या गावाला जी पहाटेची गडबड असते, तीच इथे. त्यामुळे शेतकऱ्याला या गावात परके वाटत नाही.

सकाळी सातच्या सुमारास गाडी सुटते. निळ्या आणि दुधी रंगाचे छोटे डबे, लाकडी बाकांची आठवण करून देणारी जवळजवळची आसने, मोठ्या खिडक्या. तुम्ही इंजिन पाहायला पुढे जाल तर फसाल. पुढे इंजिन नाहीच! ते गाडीच्या मागे आहे, गाडी ढकलायला. पहिल्या डब्याच्या पुढे नुसती एक उघडी ओटी असते. तिथे हिरवे-तांबडे निशाण घेऊन एक माणूस उभा असतो. तो कोण, हे पुढे येईल.

गाडी हलते. पहिले आठ-एक किलोमीटर सपाटीचे. दोन्ही बाजूंना सुपारीच्या उंच बागा, मधूनमधून केळी. मग कल्लार नावाचे छोटे स्थानक येते. इथे सरकारी फळबाग आहे आणि तिच्यात मँगोस्टीनसारखी आपल्याकडे सहसा न दिसणारी फळझाडे वाढवलेली आहेत. डोंगराची सावली, भरपूर पाऊस आणि दमट हवा यामुळे ती इथे रुजली. कल्लारला डोंगर अगदी नाकासमोर उभा राहतो. वर पाहिले की मनात प्रश्न येतो, आता ही गाडी जाणार कुठून?

चरकाचे दाते आणि चुलीचा वैल

रुळावरची आगगाडी चढाला फार नाजूक असते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, दोन्ही गुळगुळीत. चढ जरा जास्त झाला की चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी पुढे सरकत नाही. चिखलात ट्रॅक्टरचे चाक फिरते तसेच. माथेरानला यावर उपाय म्हणून गाडीला डोंगराभोवती वळसे घालत घालत वर नेले. नेरळहून १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्या गाडीला २० फुटाला १ फूट इतका चढ आहे, तोही काही कमी नव्हे. पण निलगिरीत वळशांनी भागण्यासारखे नव्हते. इथे काही ठिकाणी १२ फूट पुढे जाताना सुमारे १ फूट वर जावे लागते. भारतीय रेल्वेत इतका उभा चढ दुसरीकडे नाही.

मग उपाय काय? तुम्ही गुऱ्हाळातला उसाचा चरक पाहिला असेल. त्याच्या लाटा एकमेकींना फिरवतात त्या माथ्यावरच्या दातेरी चाकांनी. दात्यात दाता अडकला की घसरायचा प्रश्नच उरत नाही. हीच युक्ती इथे केली आहे. कल्लारच्या पुढे दोन रुळांच्या मधोमध लोखंडाची दातेरी पट्टी बसवली आहे. पट्टी एक नव्हे, जोडीने दोन आहेत. एकीचा दाता जिथे, तिथे दुसरीची खाच, अशी त्यांची रचना आहे, म्हणजे कोणत्याही क्षणी निदान एक दाता पक्का धरलेलाच असतो. इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाके आहेत. ती या पट्टीत दाते रोवत रोवत चढतात. रोमन आब्ट नावाच्या स्विस इंजिनिअरने ही पद्धत काढली, म्हणून तिला आब्ट पद्धत म्हणतात.

कल्लारला गाडी अगदी मंद होते. दात्यात दाता नीट बसू द्यायचा असतो ना! मग खालून खडखड असा वेगळाच आवाज येऊ लागतो आणि बाक पाठीकडे कलतो. तेवढ्यावरून समजावे की गाडीने डोंगराला दात लावले.

आता इंजिनाकडे पाहू. माताभगिनींना ही गोष्ट चटकन समजेल. आपल्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असतो. मुख्य चुलीवर भाकरी होते आणि तिथून सरकलेला जाळ वैलावर जाऊन कालवण शिजवतो. लाकूड एक, कामे दोन. या इंजिनात वाफेचे तसेच आहे. बाष्पकातली जोरदार वाफ आधी एका जोडीच्या सिलिंडरमध्ये जाते आणि रुळावरची चाके फिरवते. तिथे काम करून थोडी मंदावलेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या जोडीत नेतात. ती जोडी दातेरी चाके फिरवते. सपाटीवर वैल बंद, चढावर वैल सुरू! म्हणूनच चढ लागल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो. बाजूने पाहिले तर दांड्यांच्या दोन जोड्या, एक खाली आणि एक वर, आपापल्या तालात चालताना दिसतात.

दातेरी मार्गावर गाडीचा वेग ताशी १३ किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे सायकलवाला मुलगा आरामात बरोबरीने येईल. पण याच वेगाने ती २० किलोमीटरच्या आतबाहेरच्या अंतरात सुमारे १३०० मीटर उंची कमावते. कुन्नूरचे स्थानक तर आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच आहे.

भरली गाडी घाट उतरताना

इंजिन मागे का, हा प्रश्न अजून तुमच्या मनात असेल. ज्याने उसाची भरलेली बैलगाडी घाटातून उतरवली आहे, त्याला उत्तर निम्मे माहीत आहे. चढ दमवतो, पण जीव घेतो तो उतार. चढताना बैल थांबले तर फार तर गाडी अडेल. उतरताना ओझे मागून बैलांच्या अंगावर येते आणि एकदा गाडी सुटली की कोणाच्या हाती राहत नाही.

इथला नियम असा: इंजिन नेहमी उताराच्या बाजूला. वर जाताना ते मागे राहून ढकलते आणि खाली येताना तेच पुढे राहून साऱ्या डब्यांचे ओझे छातीवर घेत उतरते. उद्या डब्यांची सांधणी तुटली तरी डबा सुटून दरीत धावणार नाही. खाली इंजिन उभे आहे, त्यावर येऊन टेकेल.

एवढ्यावरच भरवसा ठेवलेला नाही. मघाशी पुढच्या ओटीवर निशाण घेतलेला माणूस पाहिलात, तो ब्रेकमन. प्रत्येक डब्याला असा एक माणूस असतो. हाताने फिरवायचा ब्रेक त्याच्या ताब्यात असतो. पुढच्या डब्यावरच्या माणसाला वाट दिसते, मागच्या ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणून पुढचा निशाण दाखवतो, ते पाहून त्याच्या मागचा दाखवतो, आणि निरोप हातोहात इंजिनापर्यंत पोचतो. उतरताना हीच माणसे आपापल्या डब्याचा ब्रेक कमी-जास्त करत गाडी सांभाळून आणतात. यंत्र कितीही चांगले असले तरी इथे शेवटी माणसाच्या मनगटावर आणि लक्षावर भिस्त आहे. ऊन असो, पाऊस असो, बोगद्यातला धूर असो, त्यांनी ओटीवर उभेच राहायचे. आपण खिडकीतून धबधबे पाहतो तेव्हा त्यांची नजर रुळावरून हलत नाही.

पाणी प्यायला थांबे

वाफेच्या इंजिनाला जाळापेक्षाही पाणी जास्त लागते. म्हणून अॅडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमीड अशा आडवाटेच्या स्थानकांवर गाडी पाणी घ्यायला थांबते. गावाचा पत्ता नाही, आजूबाजूला गच्च रान, आणि रुळाशेजारी पाण्याचा उंच नळ. बैलांना ओढ्यावर सोडावे तसे इंजिन पाणी पिते आणि मंडळी खाली उतरून पाय मोकळे करतात.

हिलग्रोव्हला चहा, वडा मिळतो. तो हातात घेऊन मोकळेपणाने खावा म्हटले तर वरून माकडे टपलेली असतात. मुलांच्या हातातला खाऊ सांभाळा. या पट्ट्यात हत्तींचाही वावर आहे. रुळाच्या कडेला मोडलेली झाडे किंवा शेणाचे मोठे पो दिसले तर ते त्यांचे. थांब्यावर उतरलात तरी रानात शिरू नका.

थांबलेल्या वेळात इंजिनाजवळ जाऊन उभे राहावे. पूर्वी यात दगडी कोळसा घालत, आता बहुधा तेल जाळतात. तरी आतला जाळ, बाहेर येणारी धग, तापलेल्या वंगणाचा वास, आणि उभ्या इंजिनाचे ते श्वास घेतल्यासारखे आवाज. गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे रात्र काढलेल्या माणसाला ही धग ओळखीची वाटेल. फायरमनचे काम तिथल्या जाळ घालणाऱ्यासारखेच. जाळ कमी पडला तर चढावर वाफ पुरणार नाही, जास्त झाला तर वाया जाईल. पुढे चढ कुठे आहे, वळण कुठे आहे हे ध्यानात ठेवून आधीच तयारी करावी लागते.

मेट्टुपालयम ते उटी हे सारे अंतर ४६ किलोमीटर. एवढ्यात २०८ वळणे, १६ बोगदे आणि २५० पूल आहेत. बोगद्यात गाडी शिरली की पोरे एकमुखाने आरोळी ठोकतात. ती रीत सगळ्या मुलखात सारखीच. पूल आला की खाली पाहावे. लोखंडी खांबांवर रूळ, आणि खाली दरी. १९९८ च्या 'दिल से' या चित्रपटात गाडीच्या टपावर नाचत जे गाणे म्हटले आहे, ते याच गाडीवर चित्रित केले. तुम्ही मात्र डब्यातच बसा.

पन्नास वर्षांचा घोर

ही वाट सहजी झालेली नाही. डोंगरावर रेल्वे न्यावी हा विचार १८५४ साली प्रथम मांडला गेला. पण हा डोंगर पाहून हात घालायला कोणी धजेना. प्रत्यक्ष काम १८९१ मध्ये सुरू झाले. ज्या कंपनीने ते हाती घेतले तिचे दिवाळे निघाले, दुसरी कंपनी उभी करावी लागली. अखेर १८९९ च्या जून महिन्यात कुन्नूरपर्यंत गाडी धावली आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचली. म्हणजे पहिल्या विचारापासून शेवटच्या रुळापर्यंत चौपन्न वर्षे. दगड फोडणाऱ्या, बोगदे खणणाऱ्या मजुरांची नावे कुठे कोरलेली नाहीत. पण त्यांचे काम सव्वाशे वर्षे पावसात उभे आहे.

इंजिने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावाच्या कारखान्यातून आली. आता वापरतात त्या जातीची पहिली इंजिने १९१४ सालची, आणि त्याच जातीची शेवटची खेप १९५२ ची. ती म्हातारी झाली तेव्हा मोठी अडचण उभी राहिली. देशभर डिझेल आले, वीज आली, पण या दातेरी चढावर चालेल असे दुसरे इंजिन रेल्वेजवळ नव्हते. जुन्याचे सुटे भाग बाजारात मिळत नव्हते. बाष्पक गळू लागले, चढावर इंजिन बंद पडू लागले. आता गाडी थांबणार, अशी चिन्हे होती.

तेव्हा एक वेगळीच गोष्ट घडली. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक रेल्वे कारखान्यातल्या कारागिरांनी त्याच जुन्या बांधणीची नवी वाफेची इंजिने तयार करायला घेतली, आणि २०११ च्या सुमारापासून ती डोंगरावर चढू लागली. साऱ्या देशाने वाफेची इंजिने भंगारात काढली, त्यानंतर दहा-बारा वर्षांनी कोरी करकरीत वाफेची इंजिने! जुन्या स्विस इंजिनांपैकी काही आता चौथऱ्यावर चढवून शोभेला ठेवली आहेत. २००५ साली युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशाचा मान दिला. दार्जिलिंगच्या डोंगरगाडीला तो १९९९ मध्येच मिळाला होता.

यात आपल्यालाही विचार करण्यासारखे आहे. औताचा सुतार, मोटेचा चांभार, चरकाचा लोहार हे आपल्या गावातून गेले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या हातातले कसबही गेले. वस्तू एक वेळ संग्रहालयात ठेवता येते, हातातले कसब तिथे ठेवता येत नाही. ते चालू कामातच राहते. निलगिरीत काम थांबले नाही, म्हणून नवे इंजिन बांधायची गरज पडली आणि बांधता येण्याजोगे हातही मिळाले.

कुन्नूरच्या पुढे

सकाळी दहाच्या सुमारास कुन्नूर येते. इथे दातेरी पट्टी संपते, वाफेचे इंजिन सुटते आणि पुढचा सोपा चढ डिझेल इंजिन चढवते. गाडी थांबते तेवढ्या वेळात फलाटावरून शेडकडे नजर टाका. वाफेच्या इंजिनांची देखभाल इथे होते.

कुन्नूरच्या पुढे देखावा बदलतो. रान मागे पडते आणि चहाचे मळे लागतात. कातरून सारखे केल्यासारखी हिरवी झुडपे आणि त्यात पाठीला पिशव्या लावून पाने खुडणाऱ्या बायका. दोन कोवळी पाने आणि एक कळी, एवढेच खुडायचे. हे सगळे मळे मोठ्या कंपन्यांचे नाहीत. एक-दोन एकरांत चहा लावणारे छोटे शेतकरीही इथे पुष्कळ आहेत. त्यांची पाने कारखान्यात जातात आणि भाव मिळेल तो घ्यावा लागतो. आपल्या ऊस उत्पादकांना हे दुखणे समजावून सांगायला नको.

डोंगरउतारावर उंच, पांढऱ्या खोडांची झाडे दिसतील. ओळखलीत? आपण सर्दीला ज्याचे तेल लावतो ते निलगिरीचे झाड. मूळचे ऑस्ट्रेलियातले. या निलगिरी डोंगरात ते लावले गेले, म्हणून मराठीत त्याला डोंगराचेच नाव पडले.

मग केट्टीचे खोरे येते. शेतकऱ्याने इथे खिडकी सोडू नये. सारा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरलेला, आणि प्रत्येक पायरीवर बटाटा, गाजर, कोबी, बीट, लसूण. या भागातले बडगा समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे शेती करतात. इतक्या उतारावर पहिल्याच जोराच्या पावसात माती वाहून जायची. पायरी बांधली तिथे ती थांबते. गाजर काढून, धुऊन, गोण्यांत भरून खाली मेट्टुपालयमच्या बाजारात जाते. सकाळी आपण जिथून निघालो, तिथेच.

इथे एक सूचना. चांगला बटाटा दिसला म्हणून बियाण्यासाठी चार किलो पिशवीत टाकून आणू नका. १९६१ साली इथल्या बटाट्यात सूत्रकृमीचा एक वाईट प्रकार आढळला. ही कीड मुळांना लागते, तिच्या गाठी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि बियाण्याला चिकटलेल्या मातीतूनही पसरतात. त्यामुळे इथला बियाण्याचा बटाटा बाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. खायला हवे तितके खा. पण मातीचे ढेकूळसुद्धा आपल्या रानात येऊ देऊ नका.

दुपारी बाराच्या सुमारास गाडी उटीला पोचते. उंची २२०३ मीटर. फलाटावर पाऊल टाकताच गार वारा लागतो. तिथली सरकारी वनस्पती बाग, तळे, बाजार हे पाहायला एक मुक्काम पुरे.

जायचे असेल तर

मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे कोइंबतूरला थेट गाडी आहे. तिथून मेट्टुपालयमला पॅसेंजर गाड्या आणि बस मिळतात. डोंगरगाडी पहाटेच गाठावी लागते, म्हणून आदल्या रात्री मेट्टुपालयमला मुक्काम करणे बरे. जागा थोड्या आणि माणसे फार, तेव्हा तिकिटाचे आरक्षण बरेच आधी करा. वेळापत्रक बदलत असते, निघण्यापूर्वी स्टेशनवर चौकशी करून घ्या. आरक्षण काढताना नीट पाहा. कुन्नूर ते उटी एवढ्याच जास्तीच्या गाड्या धावतात, पण त्या डिझेलवर चालतात. वाफेचे इंजिन आणि दातेरी चढ पाहायचा तर मेट्टुपालयम ते कुन्नूर हा टप्पा हवाच.

दिवस कोणते धरावेत? आपल्याकडे पावसाळा संपतो तेव्हा तिकडे दुसरा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तो जोरात असतो. दरडी कोसळतात, रुळाखालची माती वाहून जाते आणि गाडी कधी दिवस-दोन दिवस, कधी आठवडेच्या आठवडे बंद राहते. माथेरानची गाडीही २०१९ च्या पावसाने उखडली ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. डोंगरातल्या रुळाचे असेच आहे, दर पावसाळ्यानंतर तो नव्याने जिंकावा लागतो. मे महिन्यात उटीला गर्दी फार. तेव्हा रब्बीची सुगी आटोपली की लग्नसराईच्या आधीचे दिवस आपल्याला सोयीचे.

अंगावर लोकरीचे कपडे हवेत. थंडीच्या दिवसांत रात्री फार गारठा पडतो. गाडीत शौचालयाची सोय गृहीत धरू नका, सगळे उरकून मगच बसा. लहान मुलांसाठी घरची दशमी-चटणी बरोबर ठेवा, ती कुठेही कामास येते. ज्यांना वळणावर मळमळते त्यांनी पोट हलके ठेवावे.

जाणे-येणे, मुक्काम आणि खाणे धरले तर खर्च होतो हे खरे. सहा माणसांच्या घराला तो लगेच झेपेल असे नाही. पण एखाद्या वर्षी कांद्याला बरा भाव मिळाला, घरात चार पैसे राहिले, तर नव्या मोबाइलआधी याचा विचार करावा. सगळ्यांना नेता आले नाही तर निदान घरातला एक म्हातारा आणि एक नातू यांना तरी न्यावे. त्यांना खिडकीशी समोरासमोर बसवावे. एकाने हा आवाज लहानपणी ऐकलेला असतो, दुसऱ्याने कधीच ऐकलेला नसतो.

आणि हिलग्रोव्हला गाडी पाण्याला थांबली की दोघांना इंजिनाजवळ घेऊन जा. ते पुन्हा शिटी देईपर्यंत घाई करू नका.